ज्याला शब्द येत नाही, त्यानं उन्हात बसायचं

वाकसानं लाकूड तासलं की ढलप्या पडतातच. त्या कोणी मुद्दाम पाडत नाही. संध्याकाळी दुकान झाडायला घेतलं की कळतं, अरे, आज एवढ्या साचल्या! चार माणसं रोज एका जागी बसली की किस्सेही तसेच साचतात. माझं सुतारकाम सुटून सात-आठ वर्षं झाली, पण या ढलप्या काही थांबल्या नाहीत. त्यातल्या काही इथं मांडतो.

देऊळघाटला रस्त्याच्या कडेला माझं जुनं दुकान आहे. आता तिथं माझा मुलगा लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या ग्रिल करतो. दुकानापुढं कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली बाक. बाक मीच केला, मोडीत निघालेल्या एका बैलबंडीच्या बाभळीचा. चार माणसं आरामात बसतात. अडचण एकच. आम्ही बसतो दुपारी चारला आणि तेव्हा सावली सरकून तीन माणसांपुरतीच उरते. चौथा उन्हात.

बसणारे चौघं असे. मी, ज्याला सगळे मिस्तरी म्हणतात, शाळा चौथीपर्यंत. दुसरे इंगळे गुरुजी, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. तिसरे रहीमचाचा, एस.टी.चे जुने ड्रायव्हर. चौथे किसनभाऊ, ज्यांचं घर माझ्या दुकानाच्या अगदी समोर आहे आणि ज्यांनी आयुष्यभर शेतीशिवाय दुसरं काही केलं नाही.

पहिले दोन महिने आमचं रोज एकाच गोष्टीवरून भांडण झालं, की आज उन्हात कोण! मग गुरुजींनी नेम घालून दिला. रोज एकानं एक जुना शब्द विचारायचा, आता कोणी बोलत नाही असा. ज्याला अर्थ सांगता येणार नाही, तो उन्हात. दोघं-तिघं हरले तर त्यांनी उन्हाच्या बाजूला दाटीनं बसायचं, सावली रिकामी राहिली तरी चालेल. सगळ्यांना अर्थ आला, तर विचारणारा उन्हात. आणि शब्द घरात वापरलेला पाहिजे, पुस्तकातला नको.

“नेम म्हंजे नेम,” किसनभाऊ म्हणाले. तेव्हापासून हे त्यांचं वाक्यच झालं.

*

नेम गुरुजींनी केला आणि पहिल्याच दिवशी उन्हात बसले तेही गुरुजीच!

त्यांनी विचारलं, “प्रातराश म्हणजे काय?”

आम्हा तिघांनाही येईना. गुरुजी खूश. म्हणाले, “सकाळचं खाणं. आमच्या घरात हा शब्द होता. माझी आई म्हणायची.”

रहीमचाचांनी तंबाखू मळता मळता मान वर केली. “गुरुजी, तुमची माय मी पाह्यली हाय. सकाळी पाच वाजता फडक्यात भाकर अन् मिरची बांधून वावरात जात होती. थे काय प्रातराश बांधून नेत होती?”

गुरुजी शाळेत शिकवल्यासारखं शुद्ध बोलतात, पण राग आला की लगेच वऱ्हाडीत येतात. म्हणाले, “मंग काय नेत होती? तूच सांग बे!”

“न्याहारी,” किसनभाऊ शांतपणे म्हणाले.

गुरुजी उठले, छत्री घेतली आणि उन्हाच्या टोकाला जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाले, “छत्रीबद्दल नेमात काही नाही.”

*

किसनभाऊ कधी हरत नसत. पहिल्या दोन वर्षांत ते एकदाच उन्हात बसले, आणि तो पौष महिना होता. “मुद्दाम हरलो,” असं म्हणून ते दोन्ही हात उन्हात पसरून बसले. आम्ही तिघं सावलीत कुडकुडत होतो!

त्यांची सांगायची रीत वेगळी होती. ते अर्थ सांगत नसत, हातांनी करून दाखवत. एकदा त्यांनीच शब्द विचारला, “सोंदूर म्हंजे काय?” मला आला, कारण मी मोटेची चाकं केली आहेत. गुरुजींनाही कसाबसा आला. रहीमचाचा मात्र अडकले. मग किसनभाऊंनी बाकावर बसल्या बसल्या विहिरीवरची मोटच उभी केली. डावा हात जाड दोर, म्हणजे नाडा. उजव्या हातात बारीक दोर, मोटेच्या सोंडेला बांधलेला. तो सोंदूर. त्यांनी उजवा हात असा सैल सोडला, की मला थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाजच आला.

रहीमचाचा उन्हात गेले. पण गडी मनात ठेवणारा!

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांची हार झाली. तेव्हा ते उठले, लूनाच्या कॅरिअरवरून एक गुंडाळी सोडून आणली. गादी, चादर, उशी, सगळं एकत्र गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. “याले काय म्हंतात?”

“वळकटी,” आम्ही तिघं एकदम म्हणालो.

“बरोबर. पंचवीस वर्सं मुक्कामी गाडीवर हे माह्यासंगं होती. मेहकरपासून खामगावपर्यंत जिथं गाडी थांबे तिथं हे उलगडे.”

एवढं बोलून त्यांनी वळकटी कडुनिंबाच्या बुंध्याशी, थेट गार सावलीत टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसले.

गुरुजी ओरडले, “चाचा, तुम्ही हरले आहात! उन्हात बसा!”

“नेम बाकाचा हाय गुरुजी,” चाचा म्हणाले. “जमिनीचा नाही.”

*

मेहकरच्या बाजूला एकानं शहरातल्या लोकांसाठी रिसॉर्ट काढलं. चुलीवरचं जेवण, शेणानं सारवलेली खोली आणि आत एसी. मालक तरुण होता, बोलायला गोड. माझं काम सुटलं होतं, तरी त्यानं माझ्याकडून एक दमणी करून घेतली. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी, छपराची बैलगाडी. पूर्वी लेकीबाळी माहेरी यायच्या ती. माझ्या हातची ती शेवटची. मी ती चार महिने केली. घाई केली नाही.

मालक म्हणाला, “बाबा, प्रत्येक पार्टचं नाव लिहून द्या. पाट्या लावतो. पब्लिकला माहिती पाहिजे.”

मी सांगितलं आणि गुरुजींनी सुंदर अक्षरात लिहून दिलं. बैलांच्या मानेवरचं जू, जूच्या खुंट्या म्हणजे शिवळ, चाकाचे आरे, मधला आस, वरची लोखंडी धाव.

वर्षभरानं आम्ही चौघं बघायला गेलो. दमणी हिरवळीवर उभी, पुढं फायबरचे दोन पांढरे बैल. पाट्या पितळेच्या, चकचकीत. आणि सगळ्या चुकीच्या जागी! जूवर पाटी ‘धाव’, चाकाच्या लोखंडी धावेवर पाटी ‘जू’. आऱ्यांवर ‘आस’.

मी मालकाला दाखवलं. तो हसून म्हणाला, “बाबा, वर्षात हजारो लोकांनी फोटो काढले. एकानंही कम्प्लेंट केली नाही.”

किसनभाऊ हळूहळू त्या बैलांपाशी गेले. एकाच्या पाठीवर हात फिरवला, शिंगावर टिचकी मारून पाहिली. पोकळ आवाज आला.

“हेच बैल हायत का गाडीले?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग बरोबर हाय पाट्या. यायले काय समजते!”

*

बायका आमच्या बाकावर बसत नाहीत. तसा नेम नाही, पण बसत नाहीत. किसनभाऊंची बायको, शेवंतावहिनी, रस्त्याच्या पलीकडं ओसरीवर काहीतरी निवडत, पाखडत असायच्या, आणि आमचं सगळं त्यांना ऐकू जायचं.

एकदा किसनभाऊंनी शब्द काढला, “वैल.”

गुरुजींना येईना. चाचांना येईना. मलाही येईना. तिघं हरले! म्हणजे तिघांनी उन्हात दाटीनं बसायचं आणि किसनभाऊंनी सगळी सावली वापरायची. गुरुजींना ते पटेना. “हा शब्द खोटा आहे,” म्हणाले. “तुम्ही आत्ता तयार केला.”

“मंग इचारा तिले,” किसनभाऊंनी पलीकडं बोट केलं.

वहिनी सूप खाली ठेवून आल्या. कमरेवर हात.

“वैल म्हंजे चुलीचं दुसरं तोंड, गुरुजी. तिच्यात लाकूड घालत नसतेत. मोठ्या चुलीची धग आतून तिकडं जाते. तिच्यावर वरणाचं भगोनं ठेवलं की गरम राह्यते. रोज वावरातून येऊन गरम खाल्लं ना तुम्ही सगळ्यायनं? कुठून येते गरम, हे कधी वाकून पाह्यलं नाही?”

आम्ही माना खाली घातल्या. खरं आहे, पाहिलं नव्हतं.

गुरुजी मोठ्या मनाचे. म्हणाले, “वहिनी, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. उद्यापासून तुम्हीही बाकावर बसत जा.”

वहिनी सावलीकडं पाहून, मग उन्हाकडं पाहून म्हणाल्या, “मले बसवता? मंग तुम्ही चौघंबी उन्हात!”

*

रहीमचाचांच्या नातीनं, शाहीननं, त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला. त्याला बोलून विचारलं की तो बोलून उत्तर देतो. चाचा म्हणाले, “आजपासून हा पाचवा मेंबर.”

गुरुजींनी मोबाइल हातात धरला आणि शाळेत नवीन आलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, “तिवडा म्हणजे काय, सांगा बरं?”

मोबाइलनं बराच विचार केला. मग म्हणाला, मला समजलं नाही, कृपया पुन्हा विचारा. गुरुजींनी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं बुलढाण्यातल्या तीन हॉटेलांचे पत्ते दिले.

“हरला!” चाचा म्हणाले. “उन्हात!”

मोबाइल बाकाच्या उन्हाच्या टोकाला ठेवला. वैशाखाचे दिवस. पंधरा-वीस मिनिटांनी त्यानं टुंग केलं आणि पडदा काळा पडला. शाहीन धावत आली. “दादा, फोन हीट झाला! बंद पडला ना!”

“एवढ्यात?” चाचा म्हणाले. “अन् आम्ही सत्तर वर्सं उन्हात हावो. झालो का बंद?”

आम्ही खूप हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किसनभाऊ हसले नाहीत. ते माझ्या शेजारी होते. सगळ्यांचं हसणं चालू असताना ते माझ्याकडं झुकले आणि अगदी हळू विचारलं,

“मिस्तरी, तिवडा म्हंजे काय रे?”

तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेलं लाकूड, ज्याभोवती मळणीचे बैल फिरतात. किसनभाऊंच्या खळ्यातला तिवडा मीच तासून दिला होता. त्याच्याभोवती ते चाळीस वर्षं बैलांच्या मागं फिरले होते.

मी सांगितलं. त्यांनी “हाव हाव” केलं. पण हातांनी काही करून दाखवलं नाही.

*

त्यानंतर किसनभाऊ उन्हात बसू लागले. आठवड्यातून एकदा, मग तीनदा, मग रोज. आम्ही सोपे शब्द काढायला लागलो. ताट, वाटी एवढंच विचारायचं बाकी राहिलं होतं! पण ते शब्द अडला की आमच्या तोंडाकडं पाहायचे, काठी घ्यायचे आणि आपणहून उठायचे. “बसा हो इथंच,” असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. “नेम म्हंजे नेम.”

एक दिवस रहीमचाचांना ते बुलढाण्याच्या रस्त्यावर चालताना दिसले. चाचांनी लूना थांबवली. “कुठी चालले भाऊ?”

“वावरात.”

किसनभाऊंचं वावर गावाच्या दुसऱ्या अंगाला. चाचांनी तसं सांगितलं नाही. म्हणाले, “मीबी तिकडंच चाललो. बसा मागं.” आणि लांबून मोठा वळसा घालून त्यांना वावरात नेऊन सोडलं, तासभर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून राहिले, आणि “आता मीबी परतच चाललो” म्हणून घरी आणलं.

पण गावात गोष्ट लपत नाही. कोणीतरी पुण्याला अमोलला फोन केला. अमोल म्हणजे किसनभाऊंचा एकुलता एक मुलगा, कंपनीत मोठ्या जागेवर आहे. पोरगा चांगला. त्यानं येऊन वडिलांना डॉक्टरला दाखवलं, गोळ्या सुरू केल्या आणि पुण्याला गेल्यावर फोनवर सांगितलं, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. आई-बाबा दोघांनाही घेऊन जाणार, घराला कुलूप.

किसनभाऊंनी फोनवरच त्याला विचारलं, “तिकडं बाक हाय का?”

“गार्डनमध्ये खूप आहेत, बाबा.”

“नेम हाय का?”

अमोलला कळलं नाही. तो म्हणाला, “गार्डनचे नियम असतात ना, बाबा. गेटवर बोर्डच आहे.”

मी वहिनींना एकट्यानं गाठून विचारलं, तुमच्या मनात काय आहे. त्या म्हणाल्या, “मले कोण इचारते, भाऊजी? जाव वाटत नाही. पण थे हरवले तर मी एकटी त्यायले कुठी शोधू? गुडघे चालत नाहीत माहे.”

*

आता शेवटचा किस्सा.

रविवारला चार दिवस होते. मला वाटलं, अमोलनं बाकावर बसून आपल्या बापाला एकदा तरी जिंकताना पाहिलं, तर त्याचं मन फिरेल. किसनभाऊंना एक शब्द पक्का करून द्यायचा आणि तोच विचारायचा. मी रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन शिकवू लागलो. शब्द निवडला ‘चाडं’. तिफनीवरची लाकडी वाटी, जिच्यातून बी पेरतात. मी आयुष्यात शेकडो केली असतील. रोज दहा वेळा म्हणून घ्यायचो. जाताना सांगायचो, “किसनभाऊ, हे कोणाले सांगू नका.” त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.

रविवारी अमोल आला. समोर रस्त्यावर गाडी, गाडीत ड्रायव्हर. ओसरीवर दोन बॅगा भरून ठेवलेल्या. बाकावरून त्या सरळ दिसत होत्या. अमोल म्हणाला, “काका, अर्ध्या तासानं निघतो. बाबांना तुमच्याजवळ बसायचंय.” तोही बाकावर टेकला. आम्ही चौघं आणि तो, पाच जण दाटून सावलीत बसलो. एप्रिलचं ऊन पायाच्या बोटांपर्यंत आलं होतं.

पाळी गुरुजींची होती. आज तुमच्याऐवजी मी विचारतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुजींनी विचारलंसुद्धा.

“किसनभाऊ, शिंकं म्हणजे काय?”

किसनभाऊ ताठ बसले. चेहरा असा उजळला की दोन वर्षांपूर्वीचे किसनभाऊ दिसले.

“लाकडाची वाटी असते,” ते म्हणाले. “तिफनीवर बसवतेत. खाली तीन भोकं. तीन नळ्यायतून बी जमिनीत जाते.”

हे तर चाडं! मी शिकवलेलं ते अक्षर न् अक्षर म्हणत होते! बाजूला गुरुजी पांढरेफटक पडले. माझ्या कानाशी पुटपुटले, “मी चार दिवस संध्याकाळी यांना शिंकं पाठ करून दिलं.”

पलीकडून चाचा कुजबुजले, “अन् मी वळकटी! रोज लूनावर!”

तिघांनी तीन शब्द शिकवले होते, एकमेकांना न सांगता. आणि तिघांनीही बजावलं होतं, कोणाले सांगू नका!

किसनभाऊ थांबले नव्हते. माझं शिकवलेलं संपलं होतं आणि ते पुढं बोलत होते. त्यांचा उजवा हात वर आला होता, मूठ मिटलेली. “बाई मागं चालते. ओटीतलं बी मुठीत घेते अन् मूठ अशी सोडते... अशी. जास्त नाही, कमी नाही. बैल थांबले तरी मूठ थांबली पाह्यजे. अमोलच्या मायची मूठ कधी चुकली नाही. अमोल पोटात होता तईबी नाही.”

मुठीतून दाणे पडावेत तशी त्यांची बोटं हलत होती. पलीकडं ओसरीवर वहिनी उभ्या राहिल्या होत्या.

मग त्यांनी आमच्या तोंडांकडं पाहिलं. एकाकडून दुसऱ्याकडं.

“चुकलं का बे?”

त्यांनी काठी घेतली, उठले आणि उन्हाच्या टोकाला जाऊन बसले. “नेम म्हंजे नेम.”

गुरुजींनी घसा साफ केला. “रहीमचाचा, तुम्ही सांगा. शिंकं म्हणजे काय?”

चाचांच्या स्वयंपाकघरात मागच्या वर्षापर्यंत शिंकं होतं. ते म्हणाले, “मले नाही येत.” आणि उठून किसनभाऊंच्या शेजारी जाऊन बसले.

“मिस्तरी?”

“नाही बुवा,” मी म्हणालो, आणि चाचांच्या शेजारी जाऊन बसलो.

गुरुजी एकटे उरले. शब्द त्यांनीच विचारलेला. त्यांनी थोडा विचार केला. “आता मलाही आठवत नाही,” म्हणाले, आणि उठले. छत्री त्यांनी सावलीतच राहू दिली.

उन्हाच्या टोकाला आम्ही चौघं एकमेकांच्या अंगावर. बाकी सगळा बाक रिकामा, त्यावर एकटा अमोल.

“अमोल,” किसनभाऊ म्हणाले, “तुले येते का?”

अमोल म्हणाला, “आढ्याला टांगलेलं असतं. दोरीचं. मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून त्यात दुधाचं गाडगं ठेवतात. मी पाटावर डबा ठेवून चढलो होतो, साय खायला. गाडगं फुटलं. तुम्ही आईला सांगितलं होतं, मांजरीनं फोडलं.”

“मले तवाच माहीत होतं!” रस्त्यापलीकडून वहिनींचा आवाज आला. “मांजर डबा लावून चढत नसते!”

चाचा हसले, गुरुजी हसले. अमोलही हसला, आणि डोळे पुसत उठला. आमच्याकडं उन्हात आला. “सरका, बाबा,” म्हणाला.

किसनभाऊंनी काठी आडवी धरली.

“तू काऊन आला? तुले आलं ना? मंग सावलीत बस.”

“बाबा...”

“नेम म्हंजे नेम.”

अमोल तसाच उभा राहिला. मग मागं गेला आणि सावलीत बसला. गाडीच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. अमोलनं तिकडं पाहिलं नाही.

वहिनी ओसरीच्या कडेला आल्या. आमच्या चौघांकडं पाहिलं, एकेकाकडं, सुपातली डाळ बघावी तसं नीट. मग त्यांनी एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरी अशा दोन्ही बॅगा उचलल्या, आणि गुडघे दुखतात तशा हळूहळू चालत आत नेऊन ठेवल्या.

ऊन पाठीवर चांगलंच लागत होतं. रहीमचाचांनी विचारलं, “उद्या पाळी कोणाची?”

“माही,” किसनभाऊ म्हणाले.